पोटाची तक्रारच नाही, तरी कोलोनोस्कोपी कशाला?

कोथरूडच्या एका आईंचा प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा: "मुलगा २९ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज (यकृताच्या रक्ततपासणीतला एक आकडा) ४८०, म्हणजे बरंच जास्त आलं. मग एमआरसीपी (पित्तनलिकांचं एमआरआय) झाली आणि प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी असल्याचं सांगितलं. आता डॉक्टर कोलोनोस्कोपी करा म्हणतात, आणि पुढेही करत राहावी लागेल म्हणतात. त्याला ना जुलाब, ना रक्त. जेवण व्यवस्थित, वजन जागच्या जागी. दुखणं यकृताचं आणि नळी घालणार आतड्यात, हे आमच्या गळी उतरत नाही. त्याच्या लग्नाचं बघत होतो, ते थांबवायचं का? त्याला धाकटी बहीणही आहे, तिलाही काही करावं लागेल का?"

ताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. कोलोनोस्कोपी करून घ्या. तीही नुसती आत डोकावून बाहेर येणारी नको. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक भागातून आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकातून बायोप्सी (तपासायला बारीक तुकडा) घेतली गेली पाहिजे, आतडं दिसायला अगदी निरोगी असलं तरी. पोटाची तक्रार नाही म्हणून तपासणी नको, हा हिशेब एरवी ठीक आहे. या एका आजारात मात्र तो चालत नाही. का, ते सांगतो.

पीएससीमध्ये यकृताच्या आतल्या आणि बाहेरच्या पित्तनलिकांना सतत सूज राहते. सुजेच्या जागी हळूहळू व्रणाचा कठीण भाग तयार होतो आणि नळी तिथे अरुंद होते. दोन अरुंद जागांच्या मधला भाग फुगतो, म्हणून एमआरसीपीच्या चित्रात त्या नलिका माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात. आजार पुरुषांमध्ये स्त्रियांच्या साधारण दुप्पट आढळतो, आणि बहुतेकांना तिशी-चाळिशीत कळतो. आजकाल तो कळतो कसा, तर तुमच्या मुलाला कळला तसाच: काहीही होत नसताना रक्ताच्या एखाद्या तपासणीत.

या आजाराचं आतड्याशी नातं फार घट्ट आहे. उत्तर युरोप आणि अमेरिकेत पीएससीच्या दर दहा रुग्णांपैकी सहा ते आठ जणांच्या मोठ्या आतड्यात दाहाचा आजार, म्हणजे आयबीडी सापडतो. आशियात हे प्रमाण कमी आहे, पण दुर्लक्ष करण्याइतकं नाही. त्यातल्या बहुतेकांवर अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण) शिक्का बसतो, थोड्यांवर क्रोन्सचा (ही सूज लहान आतड्यातही असू शकते), आणि काहींचं आतडं दोन्हींत नीट बसत नाही. उलट बाजूने पाहिलं तर नातं तितकं घट्ट नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या शंभर रुग्णांत पीएससी असलेले दोन ते पाच जण निघतात. त्यामुळे कोलायटिसच्या प्रत्येक रुग्णाची एमआरसीपी कोणी करत नाही; यकृताच्या रक्ततपासण्यांवर नजर ठेवली की बहुतेकदा पुरतं. पीएससीच्या प्रत्येक रुग्णाची कोलोनोस्कोपी मात्र करावीच लागते.

असं का घडतं, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. आतड्यातून यकृताकडे थेट रक्त जातं, त्याबरोबर जंतूंचे अंश जातात, आतड्यात तयार झालेल्या प्रतिकारशक्तीच्या काही पेशी यकृतात मुक्काम ठोकतात, अशा कल्पनांवर बरंच काम झालं आहे. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांचा वाटा नक्की आहे. पण एक गोष्ट दवाखान्यात रोज दिसते: आतडं आणि यकृत एकमेकांच्या तालावर चालत नाहीत. आतडं शांत असताना यकृत बिघडत जातं, आणि क्वचित उलटंही होतं. मोठं आतडं काढून टाकल्यानंतर काही वर्षांनी पीएससी उघडकीस आलेले रुग्ण आहेत, आणि यकृत बदलल्यानंतर पहिल्यांदा कोलायटिस झालेलेही आहेत. म्हणून "पोट ठीक आहे म्हणजे आजार ठीक आहे" किंवा "यकृताचे आकडे सुधारले म्हणजे आतडंही सुधारलं" ही दोन्ही वाक्यं घरातून हद्दपार करा.

आता तक्रार नसण्याबद्दल. नेहमीचा अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि वर चढतो. गुदाशयाला सूज आली की माणूस लपवूच शकत नाही. घाई होते, आव पडते, रक्त दिसतं, दहादा जावं लागतं. पीएससीबरोबर येणारा कोलायटिस बऱ्याचदा वेगळा वागतो. तो मोठ्या आतड्याच्या सगळ्या लांबीत असतो, पण उजव्या बाजूला जास्त आणि खाली कमी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००५ साली अशा रुग्णांची साध्या कोलायटिसच्या रुग्णांशी तुलना प्रसिद्ध केली. पीएससीवाल्यांत ५२ टक्के रुग्णांचं गुदाशय सुजेतून वाचलेलं होतं, साध्या कोलायटिसमध्ये फक्त ६ टक्के. लहान आतड्याच्या टोकाला सूज पीएससीवाल्यांत ५१ टक्क्यांना, इतरांत ७ टक्क्यांना. उजवीकडे सूज असली तरी पुढचं आतडं पाणी शोषून घेतं, आणि गुदाशय निरोगी असलं की घाईही होत नाही. त्यामुळे दिवसातून दोनदा थोडं मऊ शौचाला होणं, एवढंच काय ते लक्षण. पुण्यात त्याला कोणी आजार म्हणत नाही. बाहेरचं खाणं, कँटीनचं तेल, नाही तर पाणी, असं काहीतरी कारण काढलं जातं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिलां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतूचं नाव घराघरांत पोचलं. तेव्हापासून पोटाच्या प्रत्येक तक्रारीचं खापर पाण्यावर फोडायची सवय आणखी पक्की झाली आहे. पाणी उकळून प्याच. पण महिनोन्‌महिने चालणारं मऊ शौच पाण्याच्या नावावर खपवू नका.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. पहिली, "छोटी दुर्बीण" म्हणून जी सिग्मॉइडोस्कोपी होते, ती इथे कामाची नाही. ती डाव्या बाजूच्या खालच्या भागापर्यंतच जाते, आणि या आजारात नेमका तोच भाग सगळ्यात चांगला दिसू शकतो. तेवढ्यावर समाधान मानलं तर सगळं ठीक असल्याचा खोटा दाखला मिळेल. दुसरी, आतड्यातली सूज दाखवणाऱ्या, शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनच्या चाचणीबद्दल तुम्ही कुठे वाचलं असेल. चाचणी उपयोगी आहे. आजार सापडल्यावर उपचार लागू पडतोय का, हे पाहायला मीही ती सांगतो. पण पीएससीत पहिल्या कोलोनोस्कोपीऐवजी ती चालत नाही. सूज थोडी असेल तर आकडा फसवा येतो, आणि पित्तनलिकांत जंतुसंसर्ग असेल तर आतडं निरोगी असूनही तो वाढू शकतो.

आता जे सांगणार आहे ते मुलासमोर कसं मांडायचं, हे तुम्ही ठरवा, पण लपवू नका. पीएससी आणि कोलायटिस दोन्ही असतील तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका नुसत्या कोलायटिसपेक्षा सुमारे चार-पाच पट असतो. हे कर्करोगही बरेचदा उजव्या बाजूला, म्हणजे रक्त उशिरा दिसेल अशा जागी होतात. साध्या कोलायटिसमध्ये कर्करोगासाठीची नियमित पाहणी आजार सुरू झाल्यावर साधारण आठ वर्षांनी चालू करतात. पीएससी सोबत असेल तर थांबायचं नाही. निदान झालं त्या वर्षापासून, दरवर्षी. कारण सरळ आहे: कोलायटिस शांत असतो, त्यामुळे तो खरा केव्हा सुरू झाला हे कोणालाच माहीत नसतं. आठ वर्षं कुठून मोजायची?

पहिल्या कोलोनोस्कोपीत सगळ्या बायोप्सी स्वच्छ आल्या, तर मात्र दरवर्षी करायची गरज नाही. अशा वेळी साधारण पाच वर्षांनी पुन्हा, किंवा त्याआधी जुलाब, रक्त, वजन उतरणं असं काही झालं तर तेव्हा. म्हणजे "आयुष्यभर दरवर्षी" हे अजून ठरलेलं नाही, ते पहिल्या तपासणीच्या निकालावर ठरेल. ही गोष्ट तुमच्यापर्यंत नीट पोचलेली दिसत नाही.

तपासणी चांगली व्हावी म्हणून जे आपल्या हातात आहे, ते आतडं साफ करणं. हाय-डेफिनिशन यंत्र, रंग फवारून पाहण्याची पद्धत, हे सगळं आतड्यात उरलेल्या शेंगदाण्याच्या कुटापुढे निरुपयोगी ठरतं. तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, पेरू, डाळिंब, तीळ, जवसाची चटणी, बियांसकट टोमॅटो आणि भाकरी बंद. मऊ भात, दही, उकडलेला बटाटा, मऊ उपमा चालेल. आदल्या दिवशी दवाखान्याने सांगितलेल्या वेळेपासून फक्त पातळ आणि पारदर्शक: नारळपाणी, लिंबू सरबत, कोरा चहा, गाळलेलं वरणाचं पाणी. कोकम सरबत नको. त्याचा रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. साफ करायचं औषध पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं असावं आणि दोन हप्त्यांत घ्यावं, निम्मं आदल्या रात्री आणि निम्मं सकाळी. सोडियम फॉस्फेटची औषधं मी या रुग्णांना देत नाही, कारण त्यांनीच आतड्यात बारीक व्रण उठतात आणि मग ते क्रोन्सचे आहेत का, यावर चर्चा रंगते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही अशीच दिशाभूल करतात. मुलगा जिमनंतर अंगदुखीसाठी अशा गोळ्या घेत असेल तर आधी सांगा आणि काही आठवडे बंद ठेवा.

तपासणी झोपेच्या इंजेक्शनखाली होते, दुखत नाही. रिपोर्ट घेताना एवढंच पाहा: दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंत गेल्याचं लिहिलं आहे का, आतडं किती साफ होतं हे लिहिलं आहे का, आणि बायोप्सी वेगवेगळ्या भागांच्या वेगवेगळ्या बाटल्यांत गेल्या आहेत का. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकले, तर सूज उजवीकडे आहे की सगळीकडे, हे पॅथॉलॉजिस्टला सांगताच येणार नाही.

आपल्याकडची एक खास अडचण इथेच सांगायला हवी. लहान आतड्याच्या टोकाला व्रण दिसले की भारतात पहिला संशय क्षयाचा येतो. तो यावाच. पण संशय आला म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू करून "बघू काय होतंय" ही पद्धत पीएससीच्या रुग्णात मला मान्य नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. आणि पीएससीमध्ये त्या जागी सूज असण्याचं क्षयाशिवायचं चांगलं कारण हजर असतं. आधी बायोप्सीवर ग्रॅन्युलोमा (क्षयात दिसणारे पेशींचे पुंजके) आहेत का पाहायचं, जीनएक्सपर्ट (क्षयाच्या जंतूची चाचणी) आणि कल्चर करायचं, छातीचा एक्स-रे पाहायचा. पुरावा मिळाला तर क्षयाचा उपचार पूर्ण करायचा, यकृतावर लक्ष ठेवून.

पीएससीचं निदानही एकदा पडताळून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. नलिका अशा वेड्यावाकड्या दिसण्याची दुसरी कारणं आहेत आणि त्यांतली काही आपल्याकडे चांगलीच प्रचलित आहेत. लहानपणी पोर्टल शिरेत गुठळी होऊन तिच्याभोवती शिरांचं जाळं झालेलं असेल, तर त्या शिरा नलिकांना दाबतात आणि चित्र पीएससीसारखं दिसतं. नलिकांतले खडे, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत झालेली इजा, यकृताजवळच्या क्षयाच्या गाठी, हेही पाहावं लागतं. आणि रक्तातलं आयजीजी-४ (एक प्रकारचं प्रतिपिंड) एकदा तपासून घ्या. त्या जातीचा कोलँजायटिस स्टेरॉइडने सुधारतो, पीएससी सुधारत नाही. एवढा फरक एका रक्ततपासणीने लक्षात येण्याची शक्यता असेल तर ती का सोडायची? या सगळ्यात यकृताच्या बायोप्सीची गरज बहुतेकांना पडत नाही. एमआरसीपी साफ असूनही रक्ताचे आकडे चढेच असतील, किंवा सोबत ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा (आपल्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेला हल्ला) संशय असेल, तेव्हाच ती करतात.

समजा कोलायटिस सापडला. उपचार जवळजवळ तेच, जे कोणत्याही कोलायटिसला देतात: मेसालामीन, गरजेपुरते स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, आणि त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक औषधं (सुजेची ठरावीक साखळी तोडणारी प्रथिनांची औषधं). अझाथायोप्रिन सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी शक्य असेल तर करावी, कारण आपल्या लोकांत त्या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो आणि अशांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक वेगाने खाली येतात. बायोलॉजिकच्या आधी क्षय आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी झालीच पाहिजे. आतड्यापुरतं काम करणारं वेडोलिझुमॅब पीएससीच्या नलिकाही सुधारेल अशी आशा होती. आतड्याला ते उपयोगी पडतं, यकृताला फायदा झालेला दिसला नाही. लक्षणं नाहीत म्हणून औषध बंद, असं मुलगा करेल. या वयात सगळेच करतात. सूज जितकी जास्त काळ राहील तितका कर्करोगाचा धोका वाढतो, हे त्याला कळलं तरच तो गोळ्या घेईल.

बायोप्सीत पेशींमध्ये कर्करोगाच्या दिशेने जाणारे बदल दिसले, तर ते एखाद्या उंचवट्यापुरते आहेत की पसरलेले, यावर पुढचं ठरतं. एका जागचे दुर्बिणीतून काढता येतात. पसरलेले आणि गंभीर असतील तर मोठं आतडं काढण्याचा सल्ला दिला जातो. त्यातही पीएससी आड येतं. लहान आतड्याची पिशवी करून खाली जोडली तर त्या पिशवीला सूज येण्याचं प्रमाण पीएससीवाल्यांत बरंच जास्त. पोटावर स्टोमा (आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड) केला आणि यकृताचा सिरॉसिस असेल, तर त्याभोवतीच्या शिरा फुगून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून हा निर्णय सर्जन, आतड्याचा डॉक्टर आणि यकृताचा डॉक्टर यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो.

यकृतासाठी सगळ्यांना माहीत असलेलं औषध म्हणजे उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. बहुधा तुमच्या मुलाला ते सुरूही झालं असेल. त्याने रक्ताचे आकडे सुधारतात, पण आयुष्य वाढतं किंवा प्रत्यारोपण टळतं असं सिद्ध झालेलं नाही. वजनाच्या किलोमागे दिवसाला १३ ते १५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २०, या मात्रेत ते देणं रास्त आहे. ७० किलोच्या माणसाला साधारण एक ग्रॅम. त्याहून जास्त नको. किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅम देऊन पाहणारी अमेरिकेतली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जास्त मात्रेवाल्यांचे रक्ताचे आकडे सुधारले आणि रुग्ण मात्र जास्त बिघडले. पुढे त्याच चाचणीतल्या कोलायटिसच्या रुग्णांत आतड्यातल्या कर्करोगपूर्व गाठीही जास्त निघाल्या. तेव्हा आकडा खाली यावा म्हणून गोळ्या वाढवून मागू नका. तोंडाने घेण्याच्या व्हँकोमायसिनबद्दल नेटवर खूप लिहिलेलं आढळेल. छोट्या अभ्यासांत आशा दिसली आहे, पण सर्रास द्यावं इतका पुरावा नाही. पॅरिसमध्ये, बोस्टनमध्ये कोणाला दिलं, एवढ्यावर इथे सुरू करणं मला पटत नाही.

गुळवेलीचा काढा घरात चालू असेल तर आजच बंद करा. कोविडच्या काळात काढा सगळ्यांनी घेतला, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. पीएससीच्या माणसाने हा जुगार खेळू नये. कधी डोळे पिवळे झालेच तर गळ्यात कावीळीची माळ घालून वाट पाहणारी वडीलधारी मंडळी आपल्याकडे अजून आहेत. माळेने अपाय होत नाही, पण तिच्यापायी जे तीन दिवस जातात ते महाग पडतात. थंडी वाजून ताप, उजवीकडे वरच्या भागात दुखणं आणि पिवळेपणा, यांतलं काही एकत्र आलं तर त्याच दिवशी रुग्णालय. नलिकांतला जंतुसंसर्ग असतो तो, घरी क्रोसिन घेऊन थांबण्याचा नाही. मुख्य नळीत मोठा अडथळा असेल तर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचणं) करून तो फुग्याने रुंद करतात आणि त्याच वेळी ब्रशने पेशी तपासायला घेतात. नुसत्या निदानासाठी ईआरसीपी करायची नाही, त्यानेच संसर्ग होऊ शकतो.

पित्तनलिकांच्या कर्करोगाचा धोकाही आहे, आयुष्यभरात साधारण दहा ते पंधरा टक्के. त्यातला मोठा हिस्सा पीएससी कळल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात सापडतो, म्हणून हे पहिलं वर्ष ढिलं सोडू नका. दरवर्षी एमआरआय आणि एमआरसीपी, पित्ताशयाची सोनोग्राफी. पित्ताशयात ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप दिसला तर पित्ताशय काढायचं. पीएससीत अशा पॉलिपमध्ये कर्करोग निघण्याची शक्यता जास्त असते. हाडांची घनता एकदा मोजून घ्या आणि ड जीवनसत्त्व तपासा. हिपॅटायटिस ए आणि बी, न्यूमोनिया यांच्या लसी, शक्य तर बायोलॉजिक सुरू होण्याआधीच. दारू नको, हे वेगळं सांगायला नको. तरी शुक्रवारी रात्रीच्या टीम आउटिंगसाठी सांगतो.

लग्नाचं. थांबवू नका. पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगा, आणि ते मुलाने स्वतः सांगावं, मध्यस्थामार्फत नाही. आजाराचा वेग माणसागणिक वेगळा असतो. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात निदानापासून प्रत्यारोपण किंवा मृत्यूपर्यंतचा मध्य काळ सगळ्या रुग्णांचा धरून २१ वर्षांच्या आसपास होता, फक्त प्रत्यारोपण केंद्रांतल्या रुग्णांचा पाहिला तर १३ वर्षांच्या. म्हणजे मोठ्या रुग्णालयांतून येणारे आकडे मुळातच जास्त आजारी माणसांचे असतात, आणि इंटरनेटवर तेच आकडे फिरतात. शिवाय हे आकडे जुन्या रुग्णांचे आहेत. तुमच्या मुलाचा आजार लक्षणं नसताना कळला आहे. पुढे यकृत बदलायची वेळ आलीच तर पुण्यात ती सोय आहे, मृत दात्याच्या यादीचं काम पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते, आणि घरातल्या निरोगी माणसाच्या यकृताचा भाग देऊनही प्रत्यारोपण होतं. नव्या यकृतात पाचांतल्या साधारण एकाला पीएससी पुन्हा होतं. आणि कोलायटिस असेल तर प्रत्यारोपणानंतरही कोलोनोस्कोपी दरवर्षी चालू ठेवावी लागते. यकृत नवं असलं तरी आतडं जुनंच असतं.

मूल होण्याच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट. कोलायटिससाठी सल्फासलाझीन स्वस्त म्हणून आपल्याकडे अजून बरंच दिलं जातं. त्याने पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी होते. औषध बदललं की दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते, पण कोणी सांगितलं नाही तर जोडपं वंध्यत्वाच्या तपासण्यांत अडकतं. लग्न ठरत असेल तर सुरुवातीपासून मेसालामीन मागून घ्या.

बहिणीबद्दल विचारलंत. सख्ख्या भावंडांत धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो, तरीही एकूण तो लहानच आहे. तिची एकदा यकृताची रक्ततपासणी करा, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटीसकट. ती नीट आली आणि तिला जुलाब किंवा रक्ताची तक्रार नसेल, तर तिला एमआरसीपी किंवा कोलोनोस्कोपी यांतलं काहीही करायला लावू नका.